वर्गांतील धाक आणि खरें बोलण्याची किंमत

लोकमान्य टिळकांच्या बालपणाची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्या घरांत सांगितली गेली नाहीं असें मराठी घर सांपडणें कठीण. वर्गांत टरफलें पडलेलीं होतीं; तीं कोणीं टाकलीं हें कोणी सांगेना; गुरुजींनीं सर्व वर्गास सरसकट शिक्षा फर्माविली; आणि ज्या शेंगा आपण खाल्ल्या नाहींत त्यांचीं टरफलें आपण उचलणार नाहीं, असें एका मुलानें निक्षून सांगितलें. ही गोष्ट अशीच घडली, कीं सांगतां सांगतां तिला हा आकार आला, याचा खल करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या ती मुलांस सांगितली जात आहे, एवढें आमच्या कामापुरतें पुरेसें आहे. सांगणारे तिचें तात्पर्य म्हणून त्या मुलाचा बाणेदारपणा सांगतात, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु या गोष्टींत जसा एक मुलगा आहे तसा एक वर्गही आहे, आणि एक गुरुजीही आहेत. त्यांच्याकडे निरखून पाहण्याची गरज मात्र फारशी कोणास वाटलेली दिसत नाहीं.

त्या वर्गाकडे थोडें पाहूं या. शेंगा कोणीं तरी खाल्ल्या होत्याच. ज्यांनीं खाल्ल्या ते गप्प बसले, आणि ज्यांनीं खातांना पाहिलें तेही गप्प बसले. टरफलें जमिनीवर टाकणें हा कांहीं मोठा अपराध नव्हे. "मीं टाकलीं, आतां उचलतों," इतकें कोणी म्हणता तर जो विषय पाव मिनिटांत संपावयाचा, तो सर्व वर्गाच्या शिक्षेपर्यंत गेला. याचें कारण एकच संभवतें. त्या वर्गांत खरें बोलणें फार महाग होतें. इतकें महाग कीं तें एकट्या असामान्य मुलासच परवडलें. आम्हांस जो प्रश्न पडतो तो असा: ज्या वर्गांत खरें बोलावयास लोकमान्यांच्या तोडीचें धैर्य लागतें, त्या वर्गास चांगलें वळण आहे असें म्हणावें काय?

वर्गाचें वातावरण आनंदी असावें, उत्साहवर्धक असावें, अशी चर्चा हल्लीं पुष्कळ होते. भिंतींवर रंगीत चित्रें लागतात, फळ्याच्या कोपऱ्यांत रोज नवा सुविचार झळकतो, वाढदिवसाच्या मुलासाठीं टाळ्या वाजतात. हें सर्व असावें. आम्हांस त्याचा तिटकारा नाहीं. पण वर्गाचें वळण ओळखण्याची आमची कसोटी निराळी आहे. "मला समजलें नाहीं," हें वाक्य उच्चारावयास त्या वर्गांत मुलाला काय मोजावें लागतें, तें पाहावें. कांहीं वर्गांत कांहींच मोजावें लागत नाहीं. कांहीं वर्गांत गुरुजींच्या कपाळावर एक आठी पडते. आणि कांहीं वर्गांत तें वाक्य उच्चारणाऱ्याला पुढें महिनाभर मधल्या सुटींत त्याच वाक्यानें हांका मारल्या जातात. या तिसऱ्या वर्गाच्या भिंतीवर कितीही सुंदर सुविचार असले तरी त्यांचा उपयोग शून्य.

आपल्या भाषेंत भयाच्या छटा दाखविणारे शब्द पुष्कळ आहेत. धाक, वचक, जरब, दरारा, दहशत. यांतील शेवटचा सोडला तर बाकीचे सर्व आपण शिक्षकाच्या स्तुतीसाठीं वापरतों. "सरांचा वर्गावर चांगला वचक आहे," असें एखादा पालक म्हणतो तेव्हां त्यास तें प्रशस्तिपत्रच वाटत असतें. "बाईंच्या वर्गांत मुलें मोकळेपणीं चुकतात," अशी स्तुति मात्र आम्हीं अद्याप ऐकिलेली नाहीं. याच कुळांतला आणखी एक शब्द आहे, भीड. हा दिसावयास सौम्य आहे, पण वर्गांत त्याचें राज्य मोठें आहे. धाक बाहेरून येतो, भीड आंतून. ज्या शिक्षकानें आयुष्यांत कधीं छडी उचलली नाहीं त्याच्याही वर्गांत भिडेमुळें अर्धा वर्ग मुका बसलेला असूं शकतो, आणि आपण प्रेमळ आहों या समजुतींत शिक्षकाला त्याचा पत्ताही नसतो.

जुन्या पंतोजींच्या शाळेचा कैवार घेणारे लोक अजून भेटतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हीं सर्व कोष्टकें मुलांच्या जिभेवर नाचत असत, आणि तीं छडीच्या जोरावरच तेथें बसलीं, असें ते म्हणतात. "आम्हीं मार खाल्ला म्हणून शिकलों," हें वाक्य तर घरोघर ऐकूं येतें. या म्हणण्यांत तथ्य अजीबात नाहीं असें नाहीं. ज्याला निव्वळ पाठांतर लागतें तें भयानेंही साधतें. पण हें वाक्य उच्चारणारे कोण असतात हेंही पाहावयास हवें. मार खाऊन जे टिकले, शिकले आणि पुढें चार लोकांत बोलण्याजोगे झाले, तेच तें उच्चारतात. ज्यांनीं त्याच छडीच्या भीतीनें ओढ्याकाठीं दडून दिवस काढले, आणि शेवटीं शाळा कायमची सोडून गुरें राखलीं, त्यांनीं आठवणी लिहिल्या नाहींत. छडीच्या बाजूची साक्ष तेवढी आपल्यापर्यंत आली आहे. विरुद्ध बाजूचे साक्षीदार न्यायालयांत पोंचलेच नाहींत.

शिवाय भयानें जें मिळतें तें मोजतांना भयानें जें लपतें तें मोजावयाचें राहून जातें. वैद्याच्या धाकानें रोग्यानें दुखणें लपविलें तर वैद्याच्या दारांत शांतता नांदेल, पण गांवांत आरोग्य नांदणार नाहीं. ही उपमा आम्ही केवळ शोभेसाठीं देत नाहीं. अमेरिकेंतील एमी एडमंडसन या विदुषींनीं १९९६ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयांतील परिचारिकांच्या निरनिराळ्या तुकड्यांत औषधें देतांना किती चुका होतात, याचा हिशेब त्यांत होता. ज्या तुकडीचा कारभार चांगला, तिच्या चुका कमी, असें आढळेल ही त्यांची अपेक्षा होती. आढळलें उलटेंच, चांगल्या तुकड्यांच्या नांवावर चुका अधिक लागल्या होत्या. खोल पाहतां उलगडा झाला तो असा, कीं त्या तुकड्यांत चुका अधिक होत होत्या असें नव्हे, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. जेथें प्रमुखाचा धाक होता तेथें त्या झांकल्या जात होत्या.

हेंच माप वर्गाला लावून पाहावें. तपासणीस आलेला अधिकारी दारांत उभा राहतो. एका वर्गांत टांचणी पडली तर ऐकूं यावी अशी शांतता आहे, पुढच्या बांकावरचे चार हात वर होतात, आणि चारही उत्तरें बिनचूक येतात. दुसऱ्या वर्गांत गलका नाहीं पण कुजबूज आहे, एक मुलगी फळ्यापाशीं उभी राहून अपूर्णांकांची बेरीज चुकवीत आहे, दुसरी तिला मधेंच थांबवीत आहे, आणि "छेद कां जुळवायचे?" असें तिसरा कोणी विचारीत आहे. शेरा कोणत्या वर्गाला चांगला मिळेल हें सांगावयास नको. आणि शिकणें कोठें चाललें आहे हेंही सांगावयास नको.

कायद्यानें आपल्या परीनें काम केलें आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. छडी दिसते, तिचा वळ दिसतो, म्हणून तिला कायद्याच्या कक्षेंत आणतां येतें. पण वर्गांतील एक हत्यार असें आहे कीं त्याचा वळ दिसत नाहीं, आणि तें चालविणाऱ्याचा हातही दिसत नाहीं. तें म्हणजे हंसें. छडी गुरुजी एकटे मारतात. हंसें सारा वर्ग मारतो, आणि गुरुजींनीं नुसती भुंवई उंचावली तरी तें सुरू होतें. पुष्कळ लोकप्रिय शिक्षक विनोदी असतात. त्यांच्या तासाला मुलें खिदळतात, त्यांचे विनोद घरीं येऊन सांगतात, आणि पालकही हंसतात. त्या विनोदाला खर्ची पडलेलें मूल कोणाचें, ही चौकशी बहुधा कोणी करीत नाहीं.

तें मूल कांहीं चिठ्ठ्या टाकून निवडलेलें नसतें. विज्ञानाचा तास चालला आहे. गुरुजी प्रश्न विचारतात, आणि मागच्या बांकावरून एक मुलगा उठून सांगतो, "पानी तापलं कीं त्याची वाफ व्हते." उत्तर सोळा आणे बरोबर आहे. पण वर्ग हंसतो, गुरुजींच्याही ओठांवर स्मित येतें, आणि "पानी नव्हे रे, पाणी!" अशी दुरुस्ती होते. वाफेचा विषय तेथेंच राहतो. त्या मुलानें त्या क्षणीं कोणता धडा घेतला असेल? आपलें उत्तर बरोबर होतें हा नव्हे. आपल्या आईच्या तोंडचा शब्द हा येथें हंसण्याचा विषय आहे, आणि तो लपवावयाचा तर तोंडच बंद ठेवणें सोपें, हा. प्रमाण भाषा शिकवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पुढें ज्याला चाकरी करावयाची, अर्ज लिहावयाचे, चार लोकांत उभें राहावयाचें, त्याला ती यावयासच पाहिजे, आणि ती न शिकविणें हाही त्याच्यावर अन्यायच. पण त्यासाठीं भाषेचा तास आहे. वाफेच्या प्रश्नाला वाफेचें उत्तर मिळालें असतां तें आधीं पदरांत घ्यावें, ही साधी व्यवहाराची रीत आहे.

आणि वाचकांस कदाचित् कटु वाटेल, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या वर्गांत हंसलेलीं मुलें बहुधा आपल्याच घरचीं असतात. कोणता उच्चार हंसण्याजोगा आहे हें त्यांना शाळेनें शिकविलेलें नसतें. दारावर येणाऱ्या भाजीवालीची नक्कल घरांतील वडील माणसें करतात तेव्हां तीं तें शिकतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं लहानपणीं शाळेंत त्यांस इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. तें गोणपाट संध्याकाळीं घरीं परत न्यावें लागे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे; आणि तहान लागली तर शिपाई असल्याखेरीज पाणी मिळत नसे. पुस्तक उघडण्यापूर्वींच त्या वर्गानें प्रत्येक मुलाला एक धडा दिलेला होता, गोणपाटावर बसलेल्यालाही आणि बांकावर बसलेल्यांनाही. तें गोणपाट आतां कायद्यानें गेलें आहे. पण कोणाच्या बोलण्याला हंसावयाचें आणि कोणाच्या नाहीं, ही रेघ पुष्कळ ठिकाणीं जुन्याच जागेवरून जाते, आणि ती पुसावयाचें काम कलमाच्या आंवाक्यांतलें नाहीं. तेथें शिक्षकच लागतो.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं धाकही नको, हंसेंही नको, मग साठ मुलांचा वर्ग आंवरावा कसा? आक्षेप खरा आहे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें कायदा सांगतो. शहरांतील माध्यमिक शाळेंत पुष्कळदां एका खोलींत साठ मुलें असतात, आणि निवांत खोलींत बसून त्या शिक्षकाला उपदेश करणें फार सोपें आहे. शिवाय शिक्षकानें नुसतें अंग काढून घेतलें म्हणजे वर्ग निर्भय होतो असेंही नाहीं. गुरुजींचें भय जातें आणि चार दांडगटांचें भय त्या जागीं येऊन बसतें. त्याला तर दादही मागतां येत नाहीं. गिजुभाई बधेका यांनीं भावनगरला १९२० सालीं बालमंदिर काढलें, आणि तारा मोडकांच्या द्वारां त्यांचा विचार महाराष्ट्रांत पोंचला. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतला उमेदवार शिक्षक पहिल्याच दिवशीं मोठ्या भाविकपणें मुलांकडून शांततेचा खेळ करवूं पाहतो, आणि मुलें त्या खेळाचा पार फज्जा उडवितात. सदिच्छा म्हणजे शिस्त नव्हे, हें त्या शिक्षकाला तेथेंच कळतें, आणि मग तो मुलांना गोष्ट सांगावयास बसतो. तेव्हां शिस्त हवी, नियम हवेत, आणि ते मोडले असतां कांहीं तरी घडावयास हवें, याविषयीं आमचा वाद नाहीं. जें घडतें त्यानें खरें बोलणें महाग होतें कीं स्वस्त, एवढेंच आम्ही विचारतों.

सरसकट शिक्षेचें उदाहरण घ्या. ती केली म्हणजे वर्गापुढें दोनच वाटा राहतात: निरपराध्यांनीं शिक्षा भोगावी, नाहीं तर कोणी तरी चहाडी करावी. मुलांच्या जगांत चहाडीएवढें नीच कृत्य दुसरें नाहीं, आणि आमच्या मतें मुलांचा हा निवाडा पुष्कळ अंशीं योग्य आहे. ज्या शिक्षकाला अपराधी शोधण्यासाठीं मुलांच्या स्नेहाचा सौदा करावा लागतो त्यानें टरफलांहून मोठी घाण वर्गांत केली. जमीन स्वच्छ होणें ही एक गोष्ट, आणि ती कोणीं घाण केली हें कळणें ही दुसरी. पहिली तांतडीची आहे, दुसरी नाहीं. गुरुजींनीं स्वतः वांकून दोन टरफलें उचललीं असतीं तर तिसरें उचलावयास कोण धांवला असता, हें सांगतां येत नाहीं. पण कोणी तरी धांवला असता असें वाटतें.

असें वाटण्याला आधार आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे होतें. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त आढळल्या तर ते रागें न भरतां स्वतः आवरीत, हें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं वारंवार सांगितलें आहे. मुलांसाठीं ते हातानें लिहून 'छात्रालय दैनिक'ही काढीत. आतां कोणी म्हणेल कीं हीही मुलाला लाजविण्याचीच युक्ति. लाज खरीच; आपलें अंथरूण गुरुजींनीं गुंडाळून ठेवलेलें पाहून कोणत्या मुलाला ती वाटणार नाहीं? पण लाजेलाही दोन जाती आहेत. एक चारचौघांच्या डोळ्यांतून आपल्याकडे येते. तिच्यापासून मूल पळतें, लपतें, खोटें बोलतें. दुसरी कोणी पाहत नसतांना आपल्याच मनांत उगवते. तिला लपविण्याजोगें कांहीं नसतें, म्हणून तिच्यांतून खोटें निघत नाहीं. पहिली लाज वापरणें सोपें आहे व तिचा परिणाम तत्काळ दिसतो, म्हणून शाळांत तीच चालते.

साने गुरुजी मात्र रोज उठून कोणाला होतां येणार नाहीं. संताची अपेक्षा करून शाळा चालत नाहींत, आणि ज्या सुधारणेला संत लागतो ती पगारी शिक्षकाच्या डोक्यावर लादणें हाही एक प्रकारचा जुलूमच आहे. म्हणून एक अगदीं लहान गोष्ट सांगतों. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बाईंनीं १९७० नंतरच्या दशकांत वर्गांतील संभाषणें मोजलीं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें एक सेकंदच थांबतो असें त्यांना आढळलें; तेवढ्यांत उत्तर आलें नाहीं कीं तो दुसऱ्याला विचारतो, नाहीं तर स्वतःच सांगून मोकळा होतो. हाच अवधि तीन सेकंदांपर्यंत वाढविला तेव्हां उत्तरें लांब आलीं, गप्प राहणारे कमी झाले, आणि ज्यांना मंद म्हणून बाजूला ठेवलें होतें तींही मुलें बोलूं लागलीं. तीन सेकंदांस पैसा लागत नाहीं कीं साधुत्व लागत नाहीं. पण ज्यानें कधीं वर्गापुढें उभें राहून तीन सेकंद मुकाट्यानें काढून पाहिले आहेत त्याला विचारावें, ते किती लांब असतात! त्या तीन सेकंदांत शिक्षकाला आपली भीति गिळावी लागते. वर्ग हातचा जाईल, आपण निरुत्तर दिसूं, ही ती भीति. धाकाचें मूळ पुष्कळदां धाक घालणाराच्या भीतींत असतें, असें आम्हांस वाटतें.

घरच्यांनाही यांत हात देतां येईल. मूल शाळेंतून आलें कीं "किती गुण पडले?" हा प्रश्न आपल्या घरांत इतका सहज निघतो कीं तो प्रश्न आहे हेंही ध्यानांत येत नाहीं. त्याऐवजीं आज काय विचारलेंस, असें कोणी विचारून पाहावें.

भयाची ही गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या चुकीपाशीं आली म्हणजे सर्वांत बिकट होते. मुलानें "माझें चुकलें" म्हणावें अशी अपेक्षा करणारा माणूस फळ्यावर चुकीचें उत्तर लिहून बसतो, एखादी चुणचुणीत मुलगी तें दाखविते, आणि "आगाऊपणा नको" असें ऐकून खालीं बसते. त्या एका वाक्यानें वर्षाचें काम वाया जातें. वॉर्सा येथें १९१२ सालीं यानूश कोर्चाक या डॉक्टरांनीं अनाथ मुलांचें एक गृह उघडलें. रवींद्रनाथांचें 'डाकघर' हें नाटक १९४२ च्या जुलईंत ज्यांनीं आपल्या मुलांकडून करविलें, आणि पुढील महिन्यांत नाझींनीं त्या मुलांस मृत्यूच्या छावणीकडे नेलें तेव्हां त्यांस सोडून जाण्याचें नाकारून जे त्यांच्याबरोबर गेले, तेच हे कोर्चाक. त्यांच्या गृहांत मुलांचें एक न्यायालय असे. न्यायाधीश मुलेंच असत, आणि निवाड्याच्या नियमावलींतलीं सुरवातीचीं बहुतेक कलमें क्षमेचीं होतीं. फिर्याद मोठ्या माणसांवरही करतां येई. सहा महिन्यांच्या अवधींत कोर्चाकांनीं पांच वेळां स्वतःविरुद्ध फिर्याद गुदरली: एका मुलाचा कान पिळला म्हणून, एकाला झोपण्याच्या खोलींतून बाहेर काढलें म्हणून, एकीवर चोरीचा आळ घेतला म्हणून, अशा कारणांसाठीं. आणि मुलांनीं बसून त्यांचा निवाडा केला. आपल्याकडील साठ मुलांच्या वर्गांत न्यायालय भरविण्याची सवड नाहीं, हें आम्ही जाणतों. पण फळ्यावरची चूक दाखविणाऱ्या मुलीच्या हातीं खडू देऊन, "ये, पुसून नीट लिही," इतकें म्हणावयास न्यायालय लागत नाहीं.